पाचशे चाळीस मीटर

मुख्य खोलीत एक रॅक होता. रॅकमध्ये सहा स्विच, प्रत्येकाला चोवीस पोर्ट, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. त्यातले एकशे सतरा वापरात, सत्तावीस रिकामे. सहाव्या स्विचच्या उजव्या टोकाला, बाकीच्यांपासून जरा वेगळ्या, फायबरच्या दोन जागा होत्या. त्यांच्यावर 'विज्ञान १' आणि 'विज्ञान २' अशा पट्ट्या, माझ्या हाताने छापून चिकटवलेल्या, आणि प्रत्येकीच्या वर तांदळाच्या दाण्याएवढा एक हिरवा दिवा. खुर्च्या दोन, त्यातली बसण्याजोगी एक. टेलिफोन एक. एसी एक, त्याच्या खाली गळणाऱ्या पाण्यासाठी एक बादली. भिंतीवर आराखडा, त्यात एक लाल रेघ आणि एक निळी. कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक पिवळा डबा, त्याच्या झाकणावर कंपनीचं कागदी सील, न तुटलेलं. मंगळवारी सकाळी अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी मी यातली बसण्याजोगी खुर्ची वापरत होते आणि दोन्ही हिरवे दिवे माझ्या डोळ्यांसमोर एकाच वेळी गेले.

एक गेला असता तर मी उठलेही नसते. एक जाण्यासाठीच तर दुसरा होता. विज्ञान इमारतीकडे जाणाऱ्या दोन वाटा मी स्वतः आखल्या होत्या. लाल रेघ म्हणजे पहिली वाट. ती या खोलीतून निघून हिरवळीखालून, पाण्याच्या टाकीजवळून सरळ जाते, तीनशे अठरा मीटर. निळी म्हणजे दुसरी. ती मागच्या दाराने निघून कार्यशाळेच्या मागून, वसतिगृहाच्या भिंतीलगत लांबचा वळसा घेते, पाचशे चाळीस मीटर. मधल्या कुठल्याही जागी कुणी एक तोडली तरी दुसरी चालू राहणार, आणि वर संगणकावर बसलेल्याला कळणारही नाही. फक्त शेवटचे पाच मीटर दोघी एकत्र येतात, कारण विज्ञान इमारतीच्या भिंतीला भोक एकच आहे. दुसरं भोक पाडू द्या म्हणून मी बांधकाम विभागाशी तेव्हा तीन आठवडे भांडले होते. "मॅडम, भिंत म्हणजे चाळण नव्हे," असं तिथल्या अभियंत्याने मला सांगितलं होतं, आणि जाताजाता, "इतकी काळजी करत जाऊ नका, लग्नात उपयोगी पडत नाही," असंही. दोन्ही दिवे एकाच क्षणी विझायचे तर त्या पाच मीटरांतच काहीतरी व्हायला हवं, नाहीतर माझा आराखडा खोटा असायला हवा. मंगळवारी अकरा सव्वीसला मला आधी सुचली ती या दोन शक्यतांपैकी दुसरी. पहिली मला नंतर सुचली. हा क्रम मी लक्षात ठेवला आहे, कारण तो उलटा असता तर पुढचे तीन दिवस मला स्वतःशी इतकं बोलावं लागलं नसतं.

त्या वेळी विज्ञान इमारतीत एकशे चौसष्ट विद्यार्थी संगणकावर प्रात्यक्षिक परीक्षा देत होते. टेलिफोन वाजायला लागला, आणि मी खोलीबाहेर पडले तसा मोबाइल. दुपारपर्यंत एकाहत्तर फोन आले, त्यातल्या अठ्ठावन्नांत पहिलं वाक्य 'नेट नाही' असं होतं, जणू मला ते ठाऊक नव्हतं, जणू मी ते कुठेतरी लपवून ठेवलं होतं. ग्रंथपालांचा फोन वेगळा होता. "तुमचं नेट गेलं की मुलं पुस्तकं मागायला येतात हो," त्या म्हणाल्या, "मग मला उठावं लागतं. किती वेळ?" मला खड्ड्याशी जायचं होतं. पाण्याची नवी पाइपलाइन टाकायला हिरवळीवर खोदकामाचं यंत्र चालू होतं, त्यानेच केबल तोडली असणार हे उघड होतं. पण कुलसचिवांनी मला परीक्षागृहात उभं केलं. तिथे माझं काहीच काम नव्हतं. कुणीतरी उभं असायला हवं होतं, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल. मी चार तास काळ्या पडद्यांच्या रांगांमध्ये उभी राहिले. एका मुलीने मला विचारलं, "मी सोडवलेलं सगळं गेलं का?" आणि मी म्हणाले, "बघते," जे खोटं होतं, कारण बघण्यासारखं तिथून काही नव्हतं. तीन चाळीसला पडदे परत उजळले. मी धावत खाली गेले तर मुकादमकाकांची माणसं सांधे मारून, खड्डा बुजवून, माती पायाने दाबत होती. पाइपलाइनचा चर पूर्ण दोनशे मीटरभर एकसारखा बुजवलेला होता. केबल नेमकी कुठे तुटली होती हे मातीकडे बघून कुणालाही सांगता आलं नसतं.

मुकादमकाका म्हणजे ठेकेदाराचे माणूस. आमच्या आवारातली प्रत्येक केबल त्यांच्या हाताखाली पुरली गेली आहे. पन्नाशीचे, बुटके, उन्हाने रापलेले. काचेचा केसाएवढा धागा बोटांत धरताना श्वास रोखतात. "भिंतीलगत खणलं गाढवाने," ते मला म्हणाले. "तुमच्या त्या शेवटच्या पाच मीटरांत. दोन्ही एकदम गेल्या. नशीब म्हणायचं, दुसरं काय." भिंतीपासून पाच मीटरांत यंत्र लावायला मनाई आहे, तसा लेखी आदेश आहे. म्हणजे दोष यंत्राच्या चालकाचा. कुलसचिवांना हे फार सोयीचं वाटलं. शुक्रवारी पाचपर्यंत माझा लेखी अहवाल हवा होता: केबल कुठे तुटली, दोन्ही वाटा एकदम का गेल्या, सोमवारी परत घ्यायच्या परीक्षेत असं होणार नाही याची हमी. अहवालावर चालकाचं काम जाणार होतं. माझ्या कंत्राटाच्या नूतनीकरणाची फाइलही त्याच टेबलावर होती, हे त्यांनी सांगितलं नाही, फक्त ती फाइल अहवालाच्या कोऱ्या अर्जाच्या खाली ठेवली.

चालक मला बुधवारी दारात भेटला. उंच, वाकलेला, कानात कायमचे दडे बसलेल्या माणसासारखा मोठ्याने बोलणारा. खोलीत यायला तयार नव्हता, चपला काढू का म्हणून विचारत होता. "मी भिंतीजवळ गेलोच नाही, ताई. टाकीजवळ होतो. टाकी म्हणजे पार मधे. आणि एक सांगू? दोन्ही काळ्या वायरी एकाच चरात होत्या. शेजारीशेजारी. एका पांघरुणात दोघी बहिणी झोपतात ना, तशा." मी म्हणाले, शक्य नाही. मी हे ज्या वेगाने म्हणाले तो मला ऐकू आला. मी त्याला आराखडा दाखवला, लाल रेघ, निळी रेघ. त्याने दोन्ही रेघांकडे नीट पाहिलं. "छान काढलंय," तो म्हणाला. त्यात उपरोध नव्हता, आणि त्यामुळेच मला तो दिवसभर लागून राहिला.

दिवा लागतो म्हणजे काय, हे मला फार चांगलं माहीत आहे. दिवा लागतो म्हणजे या टोकाचा उजेड त्या टोकाला पोचतो. कुठल्या वाटेने पोचतो ते दिवा सांगत नाही. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते, फळ्यावर दोन डबे काढते, त्यांच्यामध्ये एक सरळ रेघ आणि एक वाकडी, आणि विचारते, डब्यात बसून तुम्हाला कळेल का? मुलं नाही म्हणतात. मग मी म्हणते, म्हणून मोजायचं. मोजायला तो पिवळा डबा. तो फायबरमध्ये उजेडाचा एक ठोका सोडतो आणि टोकावरून त्याचा पडसाद यायची वाट बघतो. काचेत उजेडाला एक मीटर जायला पाच नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात, त्यामुळे जाण्यायेण्याचा वेळ मिळाला की लांबी मिळते. तुटलेली केबल जोडल्याचा सांधा वाटेत कुठे असेल तर तिथून किंचित उजेड गळतो, आणि पडद्यावरच्या रेघेत तेवढी एक पायरी दिसते. मला या यंत्राचं प्रेम आहे. ते मिळावं म्हणून मी तीन पानी टिपण लिहिलं होतं, आणि कुलसचिव म्हणाले होते, "एवढं सांगून घेताय, वापरा म्हणजे झालं." चौदा महिने ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात होतं. धूळ पुसायला मी दर महिन्याला ते खाली काढायचे, पुसायचे, परत ठेवायचे. सीलवरून फडकं जपून फिरवायचे.

घरी हे कुणाला सांगावं असं नव्हतं. आई दमलेली असते. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पस्तीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत, खरा निघाला की शिशाच्या ठिपक्यावर शिक्का मारत. लहानपणी मी म्हणायचे, मला खूप भूक लागली आहे, तर ते विचारायचे, किती? मी दोन्ही हात पसरायचे. ते म्हणायचे, हे माप नाही, ही तक्रार आहे. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. वाचेतून एकच शब्द परत आला: 'बरं'. होकाराला बरं, नकाराला बरं, पाणी हवंय बरं, टीव्ही बंद कर बरं. आई म्हणते, "पस्तीस वर्षांत माझ्या एका गोष्टीला बरं म्हणाले नाहीत, आता दिवसाला शंभर. देव देतो पण वेळ चुकवतो." मग ती हसते आणि मी हसत नाही. डॉक्टरांनी मला समजावं म्हणून माझ्याच धंद्यातली उपमा दिली होती, मेंदूत एक वाट बंद झाली की कधीकधी दुसरी वाट तयार होते, तुमच्या नेटवर्कसारखी. मला ती आवडली नाही. दुसरी वाट आपोआप तयार होत नाही. कुणीतरी ती खणावी लागते.

आणि तो दिवस. त्या दिवसाकडे मी नेहमी एका बाजूने जाते, खोलीत अंधारात पलंगाचा कोपरा चुकवत जावं तशी. गुरुवार होता. केबल पुरून झाली होती, दुपारी दोन वाजता दोन्ही वाटा मोजायच्या होत्या, पिवळा डबा आदल्याच दिवशी आला होता आणि मी तो उघडला नव्हता, कारण मला तो मोजायच्या क्षणी उघडायचा होता; काही माणसं पेन अशीच जपून ठेवतात. बारा दहाला आईचा फोन आला. ती फक्त माझं नाव म्हणाली आणि मग दुसऱ्याच कुणी बाईंनी फोन घेतला. मला आठवतं की मी फोन ठेवून रॅकचं दार नीट लावलं आणि कुलूप ओढून पाहिलं. मुकादमकाकांनी मला मोटरसायकलवर बसवलं. हॉस्पिटलच्या खिडकीवर त्यांनीच अर्ज भरला, बाबांचं वय मला विचारलं आणि मला ते सांगता आलं नाही, मला, जिला स्विचचे अनुक्रमांक पाठ आहेत. त्यांनी आईला पाणी आणून दिलं. साडेतीन तास बाकावर बसून राहिले, एकदाही घड्याळ पाहिलं नाही. चार वाजता डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही, आणि काका म्हणाले, "ताई, तुमची पिशवी तिकडेच राहिली. चला, घेऊन येऊ, मग परत सोडतो." आम्ही आवारात मागच्या फाटकाने शिरलो. वाट कार्यशाळेच्या मागून जाते.

फाइल त्यांनी मोटरसायकलच्या सीटवर उघडली. दुसऱ्या दिवशी नव्या नेटवर्कचं उद्घाटन होतं, प्रमाणपत्र त्याच संध्याकाळी जायचं होतं. "सगळं झालंय, ताई. खिडकीतून दिवे बघा तुमचे." मी बघितले. दोन्ही हिरवे. अर्जावर एक ओळ हाताने लिहायची असते, मी ती लिहिली: 'दोन्ही वाटा समक्ष मोजून खात्री केली.' अक्षर चांगलं आलं आहे. खाली सही. सीट ऊन लागून तापली होती आणि लिहिताना मनगटाला चटका बसत होता हे मला आठवतं. पिवळ्या डब्याचा विचार मनात आला आणि गेला हेही. एवढं मी चौदा महिने स्वतःला कबूल करत आले आहे. वडील हॉस्पिटलमध्ये, माणूस देवासारखा धावून आलेला, मुलीने न मोजता सही केली. याला कुणीही बरं म्हणेल.

गुरुवारी, म्हणजे काल, मी त्या प्रमाणपत्राची प्रत घरी नेली. अहवालात तिचा क्रमांक द्यायचा होता. बाबा खुर्चीत होते. मी त्यांच्यासमोर कागद ठेवला आणि कधी नव्हे ते बोलत सुटले, दोन दिवे, बहिणी, पाच मीटर, टाकी, सगळं. त्यांनी डाव्या हाताने कागद उचलला. माझी ओळ वाचली असावी, डोळे तिथे थांबले. मग त्यांनी कागद उलटला. मला आधी कळलं नाही. मग आठवलं, प्रमाणपत्र हातात आलं की निरीक्षक आधी मागची बाजू बघतो, कारण मोजमापांचा तक्ता मागे असतो. आमच्याही अर्जाच्या मागे तो छापलेला आहे. रकाने: वाट, आराखड्यातली लांबी, मोजलेली लांबी, सांध्यांच्या जागा. चारही रकाने कोरे होते. चौदा महिन्यांत कुलसचिव, ठेकेदार, हिशेब तपासनीस, या सगळ्यांच्या हातांतून तो कागद गेला होता आणि कुणीही तो उलटला नव्हता. बाबांनी कोऱ्या तक्त्यावर बोट टेकवलं. "बरं," ते म्हणाले. स्वर वर गेला नाही, खाली आला नाही. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हणाले, "कळत नाही." कळलं होतं.

आज शुक्रवार. सकाळी मी खोलीत आल्यापासून काय केलं हे मला सांगता येईल. अहवालाचं पहिलं वाक्य सहा वेळा लिहिलं. 'केबल इमारतीच्या भिंतीलगत तुटल्याचे समजते.' समजते या शब्दात किती जणांनी आसरा घेतला असेल. दोन फोन घेतले, एका प्राध्यापकांचा प्रिंटर रुसला होता आणि त्यांच्या मते ते नेटवर्कमुळे होतं. मी गेले, कागद संपला होता. परत येताना कॅन्टीनपाशी पाय सवयीने लांबच्या वाटेला वळले. मी जागच्या जागी थांबले. कॅन्टीनकडून या खोलीकडे यायची जवळची वाट कार्यशाळेच्या मागून आहे, दोनशे पावलं तरी वाचतात. मी त्या वाटेने येत नाही. कधीपासून? तिकडे डास आहेत, असं मी एकदा ग्रंथपालांना सांगितलं होतं. तिकडे कुत्री असतात, असं आणखी कुणाला. कुत्री तर मला आवडतात. जी बाई प्रत्येक पोर्टचा हिशेब ठेवते ती चौदा महिने दिवसातून दोन वेळा दोनशे पावलं जास्त चालते आहे आणि तिला त्याचं कारण माहीत नाही, हे मला कुणी दुसऱ्याबद्दल सांगितलं असतं तर मी म्हणाले असते, तिला माहीत आहे. मी कार्यशाळेच्या मागे गेले. गवत होतं. गुडघाभर, बारीक पिवळ्या फुलांचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग. चौदा महिन्यांत गवत परत उगवतं, त्यामुळे आजच्या गवताने काही सिद्ध होत नाही. पण मी तिथे उभी राहिले आणि आजचं गवत तेव्हाच्या गवतावर नीट बसलं. कारण त्या गुरुवारी चारनंतर, मोटरसायकलवर मागे बसून, डोळ्यांत अजून हॉस्पिटलच्या फरशा असताना, मी याच बाजूला पाहिलं होतं, आणि जिथे आठवड्यापूर्वी खणलेला चर असायला हवा होता तिथे हेच होतं. गुडघाभर, पिवळ्या फुलांचं, सलग. मी ते पाहिलं होतं. पाहून पुढे जाऊन सही केली होती.

अकराला मुकादमकाका आले. हातात चहाचे दोन कागदी कप, एक माझ्यासाठी. बसण्याजोग्या खुर्चीत त्यांनी मला बसू दिलं आणि स्वतः दुसरीवर तोल सांभाळत टेकले.

"बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत."

"अजून तेवढंच बोलतात?"

"तेवढंच."

"आमच्या घरी उलटं आहे, बायको थांबत नाही. दोघांना आठवडाभर एका खोलीत ठेवायला हवं." ते हसले. "अहवाल झाला?"

"यंत्र काढते आहे. दोन्ही वाटा मोजायच्या आहेत."

त्यांनी चहाच्या कपाकडे बघितलं. एसीखालच्या बादलीत थेंब पडत होते, मी अकरा मोजले.

"ताई, मोजून काय हाती लागणार आहे? ऐका माझं. आज दुपारी माणसं लावतो. उद्या, परवा, दोन दिवसांत कार्यशाळेमागून चर पाडतो, केबल गोदामात पडलेली आहे. सोमवारच्या आत दुसरी वाट खरी होईल. तुमच्या आराखड्यासारखी. मग मोजा, हवी तितक्यांदा मोजा. तुमची सही पण खरी होईल."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मला क्षणभर ते गणित बरोबर वाटलं. सोमवारी एकशे चौसष्ट मुलं निर्धास्त. माझी सही खरी, फक्त चौदा महिने उशिरा. काकांचं काम शाबूत. नेटवर्क उत्तम. वजा होत होता एकच माणूस, जो चपला काढू का म्हणून विचारत होता.

"खाली खडक लागला होता का?" मी विचारलं.

"खडक नाही. माणसं नव्हती. उद्घाटनाची तारीख आलेली, आणि मालक म्हणाला एकाच चरात टाक, नंतर बघू. मी म्हणालो ताई दोनला मोजणार आहेत, पकडतील. खरं सांगतो, मी दोन वाजता तुम्हाला सगळं सांगणारच होतो. मग तुमच्या आईचा फोन आला." त्यांनी कप खाली ठेवला. "मी तुम्हाला त्यासाठी नाही नेलं हॉस्पिटलला. तेवढं मनात आणू नका."

"नाही आणत."

आणि ते खरं होतं. त्या बाकावरचे साडेतीन तास मी कधीच कशाच्या बदल्यात धरले नव्हते. धरले असते तर सगळं सोपं झालं असतं, मला त्यांचा राग करता आला असता. मंगळवारपासून मी सगळ्यांचा राग करून पाहिला होता, भोक न पाडणाऱ्या अभियंत्याचा, फोन करणाऱ्या अठ्ठावन्न जणांचा, चालकाच्या मोठ्या आवाजाचा. तो कुठेच ठरत नव्हता.

"काका, मी गवत पाहिलं होतं."

त्यांनी कुठलं गवत असं विचारलं नाही.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "गाडीच्या आरशात दिसत होतात तुम्ही. मान वळवून बघत होतात. मला वाटलं आता थांबवतील. मी गाडी हळू पण केली."

गाडी हळू झाली होती. कार्यशाळेच्या कोपऱ्यावर ती हळू झाली होती, मला आठवलं, आणि मी वळणासाठी असेल असं धरून चालले होते. म्हणजे चौदा महिने आम्ही दोघं या आवारात भेटत होतो, बाबांची चौकशी होत होती, आणि दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनाही हेही ठाऊक होतं की दुसऱ्याला ठाऊक आहे. नाही, मला हे शेवटचं ठाऊक नव्हतं. त्यांनी एकट्याने तेवढं जास्त वाहिलं होतं.

मी स्टुलावर चढून पिवळा डबा उतरवला. सील जुनं झालं होतं, नख लावल्यावर सरळ फाटलं नाही, तुकड्यातुकड्याने सुटलं. बॅटरी पूर्ण उतरलेली होती. चार्ज व्हायला चाळीस मिनिटं लागली आणि त्या चाळीस मिनिटांत मुकादमकाका उठून जाऊ शकले असते. ते गेले नाहीत. एकदा बाहेर जाऊन कुणाला तरी फोन करून आले, "मालकाला सांगितलं, आज येत नाही," एवढंच म्हणाले. मी फोन करून चालकालाही बोलावून घेतलं. तो आला आणि या वेळी दारात न विचारता चपला काढल्या. मग काकांनी त्याच्याकडे न बघता खिशातून स्पिरिटची बाटली आणि पांढरा कापडी तुकडा काढला, फायबरची टोकं एकेक करून पुसली, उजेडावर धरून पाहिली, परत पुसली. "तुम्ही घाईत पुसता," ते मला म्हणाले, "कण राहिला तर आकडा चुकतो." त्यांचा श्वास रोखलेला होता. पहिलं टोक त्यांनी यंत्रात खोचलं, खट् असा बारीक आवाज झाला. मी बटण दाबलं. पडद्यावर रेघ आली, मधे एक बारीक पायरी, शेवटी एक उंच सुळका आणि मग नुसत्या अर्थहीन रेघोट्या. मग दुसरं टोक. खट्. मी बटण दाबलं.

"किती?" काकांनी विचारलं. पडदा त्यांच्या बाजूने उलटा होता.

मी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं, उलटलं, मागच्या तक्त्यावर आजची तारीख घातली आणि आकडे वाचत वाचत भरले. पहिली वाट: आराखड्यात ३१८ मीटर, मोजलेली लांबी ३१८.४, सांधा १८७.२ वर. दुसरी वाट: आराखड्यात ५४० मीटर, मोजलेली लांबी ३१८.९, सांधा १८७.३ वर.